मामंजींचं ठाण

घोड्याच्या बाबतीत हंबीररावांचा शब्द सरकारी पागेत शेवटचा मानला जाई. घोडा लंगडतोय तो खुरामुळे की खांद्यामुळे, हे ते नुसत्या टापांच्या आवाजावरून सांगत, आणि तेही पाठमोरे उभे राहून. चाबूकस्वारांनी हात टेकलेली जनावरं त्यांच्याकडे येत आणि थोड्याच दिवसांत बोहल्यावरच्या नवऱ्यामुलासारखी मान खाली घालून चालू लागत. अशा माणसाला उतारवयात, पेन्शन खात घरी बसल्यावर, एका कासवाने पाणी पाजावं, याला काय म्हणायचं ते ज्याचं त्याने ठरवावं.

कासव त्यांचं नव्हतं. रखमाबाईंचं होतं. रखमाबाई माघात तापाने गेल्या. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे बाबाजीपुऱ्यातल्या त्या घरात हंबीरराव, भिंतीवरची त्यांच्या वडिलांची तसबीर आणि सकाळी येऊन स्वयंपाक करून जाणारी बाई, एवढीच वस्ती राहिली. कासव परसात होतं, पण ते कुणी वस्तीत धरत नव्हतं. हंबीररावांनी तर ते नीटसं पाहिलंही नव्हतं.

यात त्यांचा दोष काढण्याआधी शिलेदाराचं घर कसं असतं ते ध्यानात घ्यायला हवं. ओटी आणि दिवाणखाना पुरुषांचा, माजघराच्या पलीकडचं सगळं बायकांचं. त्यात तीन घरांची परसं एकमेकांना लागून, मधे छातीएवढ्या भिंती, आणि भिंतींना ये-जा करायला दिंड्या. दुपारी तिथे तिन्ही घरच्या बायका बसत, म्हणून दुपारी पुरुषाने परसात पाऊल घालायचं नाही. खुद्द राजवाड्यातला गोषा सुटून काही वर्षं झाली होती. पण गल्लीतल्या शिलेदारांचं म्हणणं असं, की राजवाड्याला जे परवडतं ते आपल्याला परवडेलच असं नाही.

तर एका मासिक श्राद्धाला जिजाक्का आल्या. या रखमाबाईंच्या थोरल्या बहीण. वाडीत राहत. म्हाताऱ्या, विधवा, आणि बोलायला फटकळ. त्यांनी गोषा कधीच सोडला होता, किंवा गोषानेच त्यांना सोडलं होतं. जेवणं झाल्यावर त्यांनी विचारलं,

"हंबीरराव, तिचं कासव कुठंय?"

"कासव?"

"कासव. खाली चार पाय, वर पाठ. तुमच्याच घरात असतं."

शोधाशोध झाली. न्हाणीच्या मागे बंबासाठी रचलेल्या लाकडांत ते अडकून बसलेलं सापडलं. पाठीवर राख आणि शेवाळ, डोळे मिटलेले. जिजाक्कांनी ते उचललं आणि हातात खालीवर करून पाहिलं.

"वाळक्या नारळासारखं हलकं झालंय. उपाशी मारताय होय ह्याला?"

"मी कशाला मारू?"

"तेच म्हणते मी. मारायलासुद्धा लक्ष द्यावं लागतं." त्यांनी कासव खाली ठेवलं. "असं करू. वर्षश्राद्धाला हे सुरसागर तळ्यात सोडू. तिच्या नावाने. विष्णूचं रूप आहे, तुमच्या लाकडांत कुजायला नाही आलेलं."

हंबीररावांना खरं तर हो म्हणायचं होतं. पण तोंडून निघालं, "राहू दे, अक्का."

"का? सकाळपर्यंत आठवण नव्हती."

रखमाबाईंची लुगडी जिजाक्कांनीच नात्यातल्या बायकांना वाटून टाकली होती. त्यांच्या हातचं लिंबाचं लोणचं हंबीररावांनी रोज खाल्लं, आणि एक दिवस बरणीत चमचा खडखडला तेव्हा कळलं की संपलं. ही एवढी एक गोष्ट उरली होती, आणि ती जिवंत होती.

"मी बघतो त्याचं," ते म्हणाले.

जिजाक्कांनी हाताची राख झटकली. "बघा. वर्षश्राद्धाला मी हातात घेईन. माझ्यादेखत खाल्लं तर राहील. नाहीतर टांगा दारात उभाच असेल."

दुसऱ्या दिवसापासून हंबीररावांनी कासव हाती घेतलं. जनावराची निगा म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. आधी खरारा. घोड्याचा जुना खरारा पेटीतून काढून त्यांनी कासवाची पाठ सकाळ-संध्याकाळ घासली. शेवाळ गेलं, राख गेली, आणि खालून काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या निघाल्या. ते पाहून त्यांना इतकी उमेद आली, की त्यांनी लगेच चंदी सुरू केली. भिजवलेले हरभरे, वर गुळाचा खडा, आणि पोटासाठी पागेत देतात तो ओवा-हिंगाचा मसाला. तोंडाला बांधायचा तोबराही शिवायचा बेत होता. पण कासवाला कान नसतात, तेव्हा तोबरा अडकवायचा कुठे, या प्रश्नावर तो बेत राहिला.

कासवाने हरभऱ्यांचा वास घेतला आणि मान आत ओढली. मसाल्याचा वास आल्यावर पायही आत घेतले.

आता पागेतली एक रीत अशी, की घोडा पाणी पीत नसला, तर त्याच्यापाशी उभं राहून हळूच शीळ घालायची. शिळेने जनावर निर्धास्त होतं. हंबीररावांनी भर दुपारी परसात उभं राहून, दोन्ही हात पाठीशी घेऊन, एक लांबलचक, मऊ शीळ घातली.

दोन्ही बाजूंच्या परसांची दारं धाडधाड लागली. कुठेतरी तांब्या पडला.

संध्याकाळी शेजारचे मोहनराव आले. हेही शिलेदारच, हंबीररावांच्याच वयाचे, शांत गृहस्थ. ते ओटीवर बसले, सुपारी कातरली, हवापाण्याचं बोलले. मग जमिनीकडे बघत म्हणाले,

"हंबीरराव, एकटेपणा वाईट. मी समजू शकतो."

"हं."

"पण आपली वयं झाली आता."

"झाली. मग?"

"नाही, म्हणजे... शीळ घालायची आपली वयं राहिली नाहीत."

हंबीररावांना उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. झाल्यावर ते कानापर्यंत लाल झाले. त्यांच्या घराण्याने तीन पिढ्या सरकारची चाकरी केली होती, आणि तीन पिढ्यांत कुणावर असला आळ आला नव्हता. त्यांनी मोहनरावांचा हात धरला, त्यांना परसात नेलं आणि कासव दाखवलं.

"ह्याच्यासाठी घातली शीळ! ह्या दगडासाठी!"

मोहनरावांचा विश्वास बसला. पण यातून दुसरंच लचांड उभं राहिलं. गोष्ट सगळ्या गल्लीला कळली, आणि गल्लीत जो तो कासवाचा जाणकार निघाला. मोहनराव म्हणाले दूध-भात द्या. कुणी म्हणालं गांडुळं द्या, पण ती गल्लीबाहेर द्या. पलीकडचे दिनकरराव, जे दफ्तरात कारकुनी करून निवृत्त झाले होते आणि अर्ज लिहिण्यात ज्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, त्यांनी मुळालाच हात घातला.

"राहायची सोय काय त्याची?"

"सोय कसली? परस आहे."

"अहो, कासव म्हणजे जलचर! त्याला हौद पाहिजे. तुम्ही त्याला कोरड्या जमिनीवर ठेवताय आणि वर म्हणताय खात नाही. तुम्हाला विहिरीत ठेवलं तर तुम्ही जेवाल?"

हा मुद्दा बिनतोड होता. देवळात नंदीपुढे जे दगडी कासव असतं, ते जमिनीतच असतं, असं हंबीररावांच्या मनात आलं होतं. पण दिनकररावांपुढे असे मुद्दे टिकत नसत. कडिया, म्हणजे गवंडी, बोलावला, विटा आल्या. तेवढ्यात दिनकररावांनीच सांगितलं की हौद म्हटला की सुधराईची, म्हणजे नगरपालिकेची, परवानगी लागेल, कारण पाणी नळाचं, आणि साचलं की डास. "काळजी नको. मी लिहितो."

त्यांनी लिहिलेल्या अर्जात कासवाचं वर्णन 'शांत, निरुपद्रवी आणि दीर्घायुषी' असं होतं, आणि ते वाचून हंबीररावांना वाटलं की आपल्या पेन्शनीच्या कागदांतसुद्धा कुणी आपल्याबद्दल इतकं बरं लिहिलं नव्हतं.

सुधराईत एका टेबलामागे एक कारकून होता. बोलायला गोड, हाताने सावकाश. अर्धं मराठी, अर्धं गुजराती बोलत असे.

"कासव?" तो म्हणाला. "जुओ साहेब, अमारे त्यां गाय छे, भैंस छे, घोडो छे, कुतरो छे. कासव कशात घालू?"

"घोड्यात घाला," हंबीरराव म्हणाले. त्यांना त्यातल्या त्यात तेच बरं वाटलं.

"दूध देतं?"

"नाही."

"ओझं वाहतं?"

"नाही."

"राखण करतं?"

"कसली राखण!"

कारकुनाने टाक खाली ठेवला आणि अगदी मनापासून विचारलं, "तो पछी पाळता कशाला, साहेब?"

पागेत कुणी असा प्रश्न विचारला असता, तर हंबीररावांनी त्याला लीद उपसायला लावलं असतं. पण कारकून चेष्टा करत नव्हता. त्याला खरोखर हवं होतं ते उत्तर. हंबीरराव टोपी नीट करत म्हणाले, "घरातलं आहे."

"सारू," कारकून म्हणाला, आणि त्याने काहीतरी लिहून घेतलं. परवानगी सावकाश येईल, असं त्याने सांगितलं.

परवानगी येईपर्यंत सवय व्हावी म्हणून हंबीररावांनी न्हाणीतलं मोठं तांब्याचं घंगाळ परसात आणलं, काठोकाठ भरलं, आणि दिनकरराव-मोहनरावांच्या साक्षीने कासव अलगद आत सोडलं.

"आता बघा," दिनकरराव म्हणाले.

कासव दगडासारखं तळाशी गेलं. मग चारही पाय झाडत वर आलं, घंगाळाच्या गुळगुळीत कडेला नखं घासली, घसरलं, पुन्हा बुडालं. नाकातून बुडबुडे आले. दिनकरराव म्हणाले, "पोहतंय!" पण हंबीररावांनी त्याचे डोळे पाहिले. एकदा विश्वामित्री नदीच्या पुरात एका घोडीचे पाय जमिनीवरून सुटले होते, तेव्हा तिचे डोळे असेच झाले होते. त्यांनी अंगरख्याच्या बाहीसकट हात आत घातला आणि कासव बाहेर काढलं. ते त्यांच्या तळहातावर धापा टाकत राहिलं. इतकं लहान जनावर, पण त्याची धडधड हाताला लागत होती.

"हे पाण्यातलं नाही," ते म्हणाले.

"पण शास्त्रात—"

"दिनकरराव, हे पाण्यातलं नाही."

दिनकरराव गप्प झाले, ही गल्लीच्या इतिहासातली पहिलीच वेळ असावी. हंबीररावांच्या डोक्यात मात्र त्या क्षणी दुसरंच चालू होतं. सुरसागराला घंगाळासारखी कड नव्हती, आणि तिथे बाहेर काढायला कुणी उभं राहणार नव्हतं.

पुढच्या मासिकाला त्यांनी हे जिजाक्कांना सांगितलं. जिजाक्का म्हणाल्या,

"बुडेल? अहो, मंदार पर्वत पाठीवर घेऊन समुद्रात उभा राहिला तो. समुद्रात नाही बुडाला, तो तुमच्या सुरसागरात बुडेल?"

"तो निराळा, अक्का. हे आपलं साधं आहे."

"तुम्हाला काय कळतं कासवातलं? घोड्यातलं विचारलं तर सांगा." आणि त्यांनी कासव उचलून पाहिलं. "होतं त्याहून हलकं झालंय."

हंबीररावांनी, घोड्याला असतं तसं, विटांचं ठाण बांधायला घेतलं. निदान हे तरी त्यांना कळत होतं. पूर्वेला तोंड, तळाला उतार म्हणजे ओल राहायला नको, खाली जाड वाळू, वर कौलं. कडिया म्हणाला, "आ तो नानो तबेलो छे, साहेब." तेवढ्या कामात हंबीरराव फार दिवसांनी मनापासून रमले. कासवालाही ठाण आवडलं असावं, कारण ते आपणहून आत गेलं आणि ऊन यायचं त्या कोपऱ्यात बसलं. फक्त खाल्लं नाही.

आणि अशा वेळी हौदाची परवानगी आली. तिच्याबरोबर एक माणूसही आला, बांधकाम पाहायला.

"हौद क्यां छे?"

"हौद नको आता. ठाण बांधलं."

"पण मंजूर हौद थयो छे. ठाण तो मंजूर नथी."

"मग ठाण मंजूर करा."

"त्यासाठी नवा अर्ज. आणि आधी हौद दाखवा, मग तो पाडायचा अर्ज."

हंबीररावांना तो माणूस चाबकाने पिटाळावासा वाटला. पण दिनकरराव धावून आले. त्यांनी रिकामं घंगाळ ठाणाशेजारी ओढलं, दोन तांबे पाणी ओतलं आणि म्हणाले, "हा हौद. तांब्याचा आहे, म्हणून डास होत नाहीत." त्या माणसाने हौद पाहिला, समाधानाने मान डोलावली आणि तो गेला. नंतर त्या हौदात चिमण्या अंघोळ करू लागल्या, आणि सुधराईचा हेतू काही अंशी तरी सफळ झाला.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. कासव क्वचित एखादं गवताचं पातं चघळे, बाकी उपाशीच. तेव्हा जी गोष्ट हंबीररावांनी सगळ्यात आधी करायला हवी होती ती त्यांना सुचली. रखमाबाई त्याला काय घालत होत्या, हे विचारायचं. पण कुणाला? हे ज्यांना ठाऊक होतं त्या सगळ्या पडद्याआड.

ते मोहनरावांकडे गेले. ओटी आणि माजघर यांच्यामध्ये जाड पडदा होता. मोहनराव उठून आत जाऊन आले.

"ती म्हणते, भाजी."

पडद्यामागून नीराबाईंचा आवाज आला. नवऱ्याशी बोलत होत्या, पण बोलणं हंबीररावांना ऐकू जाईल एवढं मोठं होतं. "भाजी नव्हे. म्हणावं, देठ."

"देठ म्हणते," मोहनराव म्हणाले.

"ऐकलं मी," हंबीरराव म्हणाले.

"म्हणावं, दुपारी आम्ही सगळ्या रखमावहिनींकडेच बसायचो भाज्या निवडायला. तांदुळज्याचे देठ, दुध्याची सालं, घोळीची काडी, जास्वंदीची शिळी फुलं. सगळ्यांच्या टोपल्यांतलं त्याच्यापुढे पडायचं."

"म्हणजे तुम्ही सगळ्याच..." हंबीरराव पडद्याकडे बघून बोलले आणि चटकन मोहनरावांकडे वळले. "विचारा, मग आता का नाही?"

आत कुणीतरी बांगड्या मागे सारल्या.

"म्हणावं, आता घरात एकटे पुरुषमाणूस. तिथे कशा जाणार?"

हंबीररावांना वाटलं होतं की कासवाकडे कुणी लक्ष दिलं नाही. तसं नव्हतं. गल्लीने सगळी रीत पाळली होती, आणि रीत पाळता पाळता ते उपाशी राहिलं होतं. आणि त्या परसात दुपारी कुणीतरी हसतं आहे, हे ते इतकी वर्षं दिवाणखान्यात आडवे होऊन ऐकत होते. ते हसणं बंद झाल्याचं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

व्यवस्था अशी ठरली, की बायकांनी टोपली भिंतीवर ठेवायची आणि आत जायचं. मग हंबीररावांनी परसाच्या दारात उभं राहून मोठ्याने खाकरायचं, आणि टोपली घ्यायची. पहिल्या दिवशी ते इतक्या जोराने खाकरले, की दिनकरराव ओवा घेऊन आले.

देठ कासवापुढे पडले. कासवाने मान बाहेर काढली, देठांकडे पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि मान आत घेतली.

हंबीरराव पुन्हा पडद्यासमोर.

"म्हणावं, हाक मारली का?"

"कासवाला? काय हाक मारायची?"

आत कुजबुज झाली. नीराबाईंबरोबर आणखी कुणीतरी होतं. मग कुणीतरी तोंडात पदर कोंबल्यासारखा आवाज आला. मोहनराव आत गेले आणि बाहेर आले, ते चेहरा फार गंभीर करून.

"नाव आहे म्हणे त्याला."

"काय?"

"राहू दे, हंबीरराव."

"अहो, काय नाव?"

"मामंजी."

मामंजी म्हणजे सासरा. रखमाबाईंचा सासरा म्हणजे हंबीररावांचे तीर्थरूप, ज्यांची तसबीर दिवाणखान्यात होती, ज्यांच्यापुढे पागेतले घोडे कान पाडत. म्हातारपणी त्यांची मान लांब, सुरकुतलेली झाली होती, आणि काही नापसंत पडलं की ती हळूच अंगरख्याच्या गळ्यात आत जाई. जेवायला हाक आली की पुन्हा बाहेर येई.

हंबीररावांना ती मान लख्ख दिसली. त्यांना संताप यायला हवा होता. त्यांनी त्याची थोडा वेळ वाटही पाहिली. आला नाही. उलट बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच त्यांना हसू फुटलं, इतकं की डोळ्यांना उपरणं लावावं लागलं.

"म्हणावं, रागावू नये," पडद्यामागून घाबरा आवाज आला. "वहिनी प्रेमानेच म्हणायच्या. पदर सावरून. 'मामंजी, पान वाढलंय, येता ना?' की लगेच यायचं."

हसू आलं हे खरं, पण हाक मारणं निराळं. घरी येऊन त्यांनी एकदा ठाणासमोर उभं राहून, "मामंजी!" म्हटलं. ते कवायतीच्या मैदानावरचं निघालं. भिंतीपलीकडे मोहनरावांची शेळी उठून उभी राहिली. कासव मात्र पाय आत घेऊन बसलं. हळू म्हणून पाहावं तर आवाज फुटेना. दिवाणखान्यात सराव करावा, तर वर तसबीर. त्यांनी तसबिरीकडे पाठ केली, तरी मानेवर नजर जाणवत राही. साठी उलटलेला शिलेदार, सुनेच्या आवाजात, स्वतःच्या बापाला, कासव समजून! नाही जमलं. दिवसामागून दिवस गेले, आणि वर्षश्राद्ध आलं.

विधी झाले, ब्राह्मण जेवून गेले. पुरुषमंडळी परसात आली. हंबीररावांचे चुलते मानसिंगराव, म्हणजे काकासाहेब, ऐंशीच्या घरातले, त्यांना खुर्ची दिली. मोहनराव आणि दिनकरराव भिंतीशी उभे राहिले. दोन्ही बाजूंची दारं बोटभर उघडी होती आणि त्यांच्यामागे बांगड्या वाजत होत्या. जिजाक्का ठाणासमोर आल्या. त्यांच्या हातात रिकामी टोपली होती, आत हळदीकुंकू आणि पिवळं फडकं.

त्यांनी ठाण पाहिलं. वाळू हाताने चाचपली. "जागा चांगली केलीत," त्या म्हणाल्या. मग कासव उचललं. "पण अंग नाही धरलं. घाला, काय घालायचं ते."

हंबीररावांनी देठ घातले. जास्वंदीची फुलं घातली. कासव मिटून बसलं होतं.

"झालं," जिजाक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज कडक नव्हता. "हंबीरराव, तुम्ही केलंत हो. पण हे तिच्यावाचून नाही जगायचं. जाऊ दे त्याला." आणि त्यांनी कासव टोपलीत ठेवून वर फडकं घातलं.

बाहेर टांग्याच्या घोड्याने टाप आपटली. पुढच्या डाव्या खुरात खडा आहे, असं हंबीररावांच्या मनात येऊन गेलं. ते आपलं घोड्यातलंच. बाकी त्यांना काही कळत नव्हतं, तिला जे कळत होतं त्यातलं काहीच नव्हतं कळत. आणि तिचं जे एक उरलं होतं, ते आता पाण्यात चाललं होतं.

त्यांनी जिजाक्कांच्या हातून टोपली घेतली, खाली ठेवली आणि फडकं काढलं. मग काकासाहेबांसमोर, शेजाऱ्यांसमोर, बोटभर उघड्या दारांसमोर ते उकिडवे बसले. मग उपरण्याचं टोक आपोआप डोक्यावर गेलं, ते त्यांनी एका हाताने धरलं आणि अगदी हळू, खाली बघत म्हणाले,

"मामंजी... पान वाढलंय. येता ना?"

दिनकररावांनी तोंड उघडलं. मोहनरावांनी त्यांच्या पायावर पाय दिला.

कासवाची मान बाहेर आली. लांब, सुरकुतलेली, सावकाश. तिने एकदा डावीकडे पाहिलं, एकदा उजवीकडे, जसं काही पंगतीत आपली जागा कुठली ते बघावं. मग पाय आले. ते टोपलीच्या कडेवर चढून पलीकडे बदकन पडलं, सावरलं, आणि एका जास्वंदीच्या फुलाला तोंड घातलं. खाताना बारीक कर्रकर्र आवाज येत होता. परसात दुसरा आवाज नव्हता.

काकासाहेब खुर्चीतून वाकले, डोळे बारीक केले.

"हंबीर."

"जी काका."

"ही मान रे कुणाची?"

हंबीररावांनी उपरण्याचं टोक डोक्यावरून खाली घेतलं.

"ही आपल्या दादांची मान," काकासाहेब म्हणाले, आणि आपल्या मानेवरून एकदा हात फिरवला. मग ते हसायला लागले, त्यांना ठसका लागला, आणि दोन्ही दारांमागे इतका वेळ दाबून धरलेलं हसणं एकदमच सुटलं. गल्लीतल्या बायकांचं हसणं पुरुषांनी इतक्या जवळून ऐकलं, पण त्या दिवशी कुणाला ते गैर वाटलं नाही.

जिजाक्का हसल्या नाहीत. त्या जमिनीवर बसल्या आणि कासवाचं खाणं पाहत राहिल्या. रिकाम्या टोपलीतलं कुंकू बोटावर घेऊन त्यांनी त्याच्या पाठीवर, एका चांदणीवर, टेकवलं.

"टांगा परत पाठवा," त्या म्हणाल्या.

मंडळी ओटीवर गेली. हंबीरराव मात्र जिजाक्कांशेजारी तिथेच बसून राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं,

"अक्का, तुम्हाला हे नाव ठाऊक होतं?"

"होतं की."

"तिने आणखी कुणाकुणाला अशी नावं दिली होती?"

"सगळ्यांना. मला जातं म्हणायची. दिनकररावांना भोंगा. त्या काकांना काहीतरी होतं, आता आठवत नाही."

हंबीररावांनी देठ उचलून कासवाच्या जवळ सरकवला. "आणि मला?"

जिजाक्कांनी बोटावरचं कुंकू फडक्याला पुसलं.

"तुम्हाला काही नव्हतं. मी विचारलं होतं एकदा. म्हणाली, अगं, ते कधी परसात बसले, तर बघून ठेवीन की काहीतरी."

त्या उठून आत गेल्या. हंबीरराव ऊन उतरेपर्यंत बसून होते. कासवाने फुलं संपवली, देठ संपवले, आणि सावकाश आपल्या ठाणात जाऊन बसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकाच्या बाईला त्यांनी आपला पाट परसात मांडायला सांगितला. खाकरून टोपली घेतली, देठ वाढले, हाक मारली. आणि वडीलमाणसाने पहिला घास घेतल्याशिवाय त्यांनी आपल्या भाताला हात लावला नाही.